चार अंश

दर रविवारी दुपारी तीन वाजता फुलांच्या गोदामामागच्या खोलीत पस्तीस-चाळीस माणसं स्वेटर घालून गाणं ऐकायला येत. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी स्वेटर लागायचाच, कारण खोलीची एक भिंत कोल्डरूमला लागून होती आणि कोल्डरूम फुलांसाठी चार अंशांवर ठेवलेली असे. बसायला फुलांचे उलटे घातलेले क्रेट. चहा ज्याचा त्याने थर्मासमधून आणायचा. आणि गाणं म्हणजे तरी काय, तर शब्द जवळजवळ नाहीतच, चाल हुडकून काढावी लागते, एकेक तुकडा वीस-पंचवीस मिनिटं चालतो आणि मध्येच कुणीतरी गिटारच्या तारांवर चमचा घासत बसतं. तरी माणसं यायची आणि पुढच्या वेळी आणखी एखाद्याला ओढून आणायची.

बँडचं नाव 'चार अंश'. या नावात मानवी एकटेपणाचं तापमान मोजलेलं आहे, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. खरी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी नावावरून तासभर खडाजंगी झाली, कुणाचं कुणाला पटेना, तेव्हा धाकटीने कंटाळून कोल्डरूमच्या दारावरच्या तापमानाच्या तबकडीवर जे दिसलं ते मोठ्याने वाचलं. भांडण मिटलं यातच सगळ्यांना आनंद होता.

धाकटी म्हणजे बँडची बेस गिटार वाजवणारी. वय अडतीस, तरी धाकटीच, कारण गोदामाचे मालक तिचे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. ते तिला धाकटी म्हणत, मग बाकीचेही म्हणू लागले. आठवडाभर ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. कधी न पाहिलेल्या माणसांच्या तोंडात बसतील असे दात घडवायचे, घासायचे, डबीत घालून पाठवून द्यायचे. काम ती मन लावून करी, पण रविवार नसता तर आपण या कवळ्यांसारख्याच डबीत पडून राहिलो असतो, असं तिला मनापासून वाटायचं.

ड्रमवर पोस्टमन होता, तो खराखुरा पोस्टमन. गिटार वाजवणारा आणि अधूनमधून ओरडणारा तो वकील. हा मात्र वकील नव्हता, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, पण 'आज बुधवार आहे' म्हटलं तरी त्यावर दोन मुद्दे मांडायचा, म्हणून वकील. चौथ्या काकू. त्या टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या, वय एकसष्ट. त्यांच्याकडे दोन जुनी टेपयंत्रं होती आणि निम्म्या पट्ट्या मेलेला एक ऑर्गन. उरलेल्या निम्म्या पट्ट्यांवर त्या जे करायच्या ते पाहून तरुण पोरं तोंडात बोटं घालत.

राहिले भाऊजी. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी खोलीची किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं काय ते चालू द्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." त्यानंतर त्यांनी रविवारी त्या खोलीत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. कार्यक्रम संपला की ते गोदामाच्या पुढच्या दारात उभे दिसायचे, जाणाऱ्या माणसांना वाट दाखवत. धाकटीने पहिली दोन वर्षं आग्रह केला, मग सोडून दिला. आपल्या माणसांनीच आपलं ऐकू नये याचं तिला वाईट वाटायचं, पण खोली ज्यांची त्यांच्यावरच रुसणार कसं?

लोक यायचे ते मुख्यतः एका तुकड्यासाठी. त्याचं नाव 'सत्तावीस', कारण तो सत्तावीस मिनिटं चालायचा; नावांच्या बाबतीत या मंडळींची कल्पनाशक्ती तेवढीच. अर्ध्यावर येईपर्यंत गदारोळ वाढत जायचा, मग एकेक जण थांबायचा, शेवटी काकूंच्या टेपची खरखर तेवढी उरायची आणि तीही विरून जायची. मग शांतता. कुणी मोजायचं नाही, मान हलवायची नाही, इशारा करायचा नाही. खोली इतकी अरुंद की चौघं एका रांगेत, लोकांकडे तोंड करून बसलेले. एकमेकांची तोंडंही दिसत नसत. आणि तरी कधी मिनिटाने, कधी दीड मिनिटाने, चौघंही एकाच क्षणी आपापल्या वाद्यांवर असे कोसळायचे की पुढच्या क्रेटवरची माणसं दचकून मागे सरकत. दर रविवारी शांततेची लांबी वेगळी असायची आणि दर रविवारी चौघं बरोबर एकत्र यायचे. हे कसं जमतं असं कुणी विचारलं की वकील म्हणायचा, "आम्ही एकमेकांचं ऐकतो." आणि चौघांचाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

त्या वर्षी त्यांना एका मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. तीनशे खुर्च्या, गादीच्या, लाकडी रंगमंच, वेळ दुपारी चारची. नऊ वर्षांत पहिल्यांदाच गोदामाबाहेर वाजवायचं होतं. पोस्टमनने ते पत्र स्वतः आणून दिलं, आणि पाकीट फोडेपर्यंत दारातून हलला नाही.

कार्यक्रमाला दोन आठवडे असताना ते तालमीसाठी सभागृहात गेले. तिथे इतकी शांतता होती की काकूंच्या गुडघ्याची करकर शेवटच्या रांगेपर्यंत गेली. वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी बिनसलं. सूर लागेनात. धाकटीने बेस लावला, परत लावला, ट्युनरवर बघून लावला, तर उलट तो गिटारशी भांडायला लागला. कसेबसे 'सत्तावीस'च्या मध्यापर्यंत पोहोचले. शांतता झाली. एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन मिनिटांनी पोस्टमनला धीर धरवेना, त्याने एकट्यानेच सुरुवात केली. वकील दोन ठोके उशिरा आला, काकू त्याच्याही नंतर, आणि धाकटी आलीच नाही, कारण तिला अजून 'आता' असं वाटलंच नव्हतं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला वकिलाने गिटार खाली ठेवली.

"तू घाई करतोस," तो पोस्टमनला म्हणाला.

"मी घाई करतो? तू झोपा काढतोस."

"दोघांनी एकमेकांवर ढकलू नका," काकू म्हणाल्या, "माझी टेप संपते कुठे याकडे तुमच्यातल्या एकाचंही लक्ष नसतं."

"काकू, तुमची टेप दर वेळी वेगळीकडे संपते."

मग नऊ वर्षांचं सगळं बाहेर आलं. कोण उशिरा येतो, कोणाचा आवाज कोणाला दाबतो, समीक्षकाने कोणाचं नाव लिहिलं आणि कोणाचं नाही. दिवे सांभाळणारा माणूस आपल्या कोपऱ्यात मान खाली घालून केबल गुंडाळत राहिला. शेवटी वकील थकून म्हणाला, "खरं सांगू का? आपण एकमेकांचं ऐकायचं विसरलोय. कार्यक्रमाच्या दिवशीही हे असंच झालं, तर मी बँड सोडतो. चार भिंतींत बसून आपली पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही."

पोस्टमन ड्रम आवरू लागला; वकिलाचा मुद्दा कुणी न खोडण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या आठवड्यात धाकटीने एका कवळीत दाढ उलटी बसवली. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती बेस घेऊन गोदामामागच्या खोलीत जाऊन बसली. दोष आपल्या हातात आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं. तिने 'सत्तावीस'मधली आपली बाजू वाजवली, आणि सूर चपखल लागला. ट्युनरवर पाहिलं तर तो जिथे असायला हवा त्याच्या जरा वर होता. तिने हात थांबवला. सूर मात्र चालूच राहिला.

तो भिंतीतून येत होता. प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडे कोल्डरूमचं मशीन होतं, जुनं, कपाटाएवढं, आणि ते एका सुरात घुमत होतं. नऊ वर्षं ते घुमतच होतं. घरातल्या घड्याळाची टिकटिक कानावर पडते आणि ऐकू येत नाही, तसं त्यांचं झालं होतं. चौघांनीही नकळत आपली वाद्यं त्या मशीनशी जुळवून घेतली होती आणि वर एकमेकांच्या कानाचं कौतुक केलं होतं.

सुराचं कोडं सुटलं. पण शांततेचं? ती तासभर तिथे बसून राहिली, लॅबमध्ये उशीर होतोय हे कळत असूनही. मशीन बंद पडताना 'खट्' असा आवाज व्हायचा आणि चालू होताना त्याहून मोठा. त्या मोठ्या आवाजाला तिची बोटं आपोआप तारांवर पडत, हे तिला तिसऱ्या खेपेला उमगलं. म्हणजे चौघं एकत्र यायचे ते या 'खट्'वर. पण आज मशीन वाटेल तेव्हा बंद पडत होतं, वाटेल तेव्हा सुरू होत होतं. रविवारी मात्र तिच्या आठवणीत ते शांततेत कधी गुरगुरलं नव्हतं आणि गदारोळात कधी बंद पडलं नव्हतं. मशीनला सत्तावीस मिनिटांचा तुकडा पाठ असणं शक्य नव्हतं.

ती तशीच बहिणीच्या घरी गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने विचारलं, "ताई, ते मशीन रविवारी वेगळं चालतं का गं?"

"रविवारी ते चालवतात ना हाताने."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझे भाऊजी." ताईने घडी अर्धीच ठेवली. "तुला खरंच माहीत नाही? अगं, पहिल्या वर्षी तुमचं काहीतरी हळू चाललेलं असताना मशीन धाडकन सुरू झालं, तर तुमच्यातला तो भांडकुदळ मशीनला वाट्टेल ते बोलला. ह्यांनी पलीकडून ऐकलं. फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी मशीनच्या खोलीत स्टूल टाकून बसतात, स्वेटर, मफलर, सगळा जामानिमा. तुम्ही हळू झालात की बंद करायचं, तुम्ही पुन्हा सुरू होणार असं वाटलं की चालू करायचं. फुलांना तेवढं चालतं म्हणे. गेल्या वर्षी ताप होता तरी जाऊन बसले. मी म्हटलं, एक रविवार मशीनचं मशीन बघेल. तर म्हणाले, नको, पोरांचा विरस होईल."

धाकटी तिथेच घड्यांच्या ढिगाशेजारी बसली. नऊ वर्षं त्या माणसाला वाटत होतं की तो त्यांच्या मागून चालला आहे, आणि हे चौघं डोळे मिटून त्याच्या मागून चालले होते. आणि आपण काय समजत होतो, तर भाऊजी ऐकत नाहीत. तिला रडू आलं, आणि ताईने काही न विचारता तिच्या हातात एक टॉवेल दिला, घडी घातलेला.

"मला काय कळतंय त्यातलं," भाऊजी म्हणाले, जेव्हा चौघंही संध्याकाळी गोदामात त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. वकिलाने तर आधी नऊ वर्षांपूर्वीच्या शिव्यांची माफी मागितली, एकही मुद्दा न मांडता. भाऊजींनी ती हातानेच उडवून लावली. "मी आपलं बटण दाबतो. तुम्ही सुरू होणार असं वाटलं की दाबतो. कधीकधी वाटायचं, फार वेळ झाला, पोरं गारठतील तिकडे, म्हणून जरा लवकर दाबायचो."

"आणि आम्ही त्यावर सुरू व्हायचो," पोस्टमन म्हणाला.

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "म्हणजे मी चुकवत होतो की काय?"

त्यांना समजावता समजावता चहा दोनदा गार झाला. काकूंनी मशीनचा आवाज टेपवर घेतला, चालू-बंदच्या 'खट्'सकट. सभागृहात टेपयंत्र भाऊजींसमोर ठेवायचं, बटण त्यांनी दाबायचं, असं ठरलं. भाऊजी बरेच आढेवेढे घेऊन तयार झाले, पण एका अटीवर: ते पडद्याआड बसणार, लोकांना दिसणार नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि वरून स्वेटर. "सवय आहे," म्हणाले. रंगमंचाच्या डाव्या बाजूला, पडद्याच्या आत, त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. चौघं या वेळी अर्धवर्तुळात बसले, कारण रंगमंच तेवढा मोठा होता आणि मोकळ्या जागेचं काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं. धाकटीच्या जागेवरून भाऊजी सरळ दिसत होते.

तीनशे खुर्च्या भरल्या नव्हत्या, पण दोनशेहून जास्त माणसं होती. नेहमीची रविवारची मंडळी पुढे बसली होती, त्यातली काही स्वेटर घालूनच. भाऊजींनी बटण दाबलं, मशीन घुमू लागलं, आणि धाकटीला घरी आल्यासारखं वाटलं. सूर लागले. पहिले दोन तुकडे उत्तम गेले. मग 'सत्तावीस'.

गदारोळ चढला. पोस्टमनचा शर्ट पाठीला चिकटला. मग एकेक जण थांबत गेला, काकूंची टेप खरखरत विरली, आणि भाऊजींनी अगदी वेळेवर मशीन बंद केलं. सभागृहात शांतता पसरली.

धाकटीची बोटं तारांवर होती. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. तिने पडद्याआड पाहिलं. भाऊजींचे हात मांडीवर होते. डोळे मिटलेले होते, मान किंचित कलती. तिने मनातल्या मनात म्हटलं, भाऊजी, बटण. दीड मिनिट झालं. भाऊजी हलले नाहीत, आणि ते हलणार नाहीत हे तिला अचानक स्पष्ट कळलं.

तिने पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमन तिच्याचकडे पाहत होता, काठ्या हवेत, चेहरा पांढराफटक. तिने वकिलाकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले होते आणि त्याचा सगळा चेहरा विचारत होता, कधी? काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं शेजारी बसून वाजवताना त्या चौघांनी एकमेकांचे चेहरे कधी पाहिलेच नव्हते. वकील किती घाबरतो हे धाकटीला आज कळलं. तिने सगळ्यांना दिसेल असा एक खोल श्वास घेतला. बाकीच्या तिघांच्याही छात्या भरलेल्या तिला दिसल्या, आणि त्या श्वासाच्या टोकाला चौघं कोसळले.

काकू केसभर उशिरा आल्या. तेवढं चालायचंच. सुरांखाली मशीन नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त चौघं होते, आणि उरलेली चौदा मिनिटं त्यांनी एकमेकांवरची नजर न काढता वाजवली. शेवटी लोक उभे राहिले, पण त्यांच्याकडे पाहायला या चौघांना जरा वेळ लागला.

धाकटी पडद्याआड गेली तर खुर्ची रिकामी. भाऊजी मागच्या कॉरिडॉरमध्ये, आग विझवण्याच्या लाल नळकांड्याशेजारी उभे होते. स्वेटर काढून त्यांनी हातात पिळून धरला होता.

"मी घोळ घातला," तिला बघताच ते म्हणाले. "बटण दाबायचं राहूनच गेलं."

"का पण?"

"ऐकत बसलो गं." ते खाली बघत होते. "भिंतीपलीकडून निम्मंच यायचं. मला वाटायचं, एवढंच आहे. आज सगळं ऐकू आलं, आणि तुम्ही गप्प झालात तेव्हा मला वाटलं, आता या शांततेला काही करायला नको, अशीच राहू दे थोडा वेळ. त्या नादात भानच राहिलं नाही. तुमचा मोठा दिवस आणि मी हे असं."

"भाऊजी, आम्ही एकत्रच आलो. तुम्ही ऐकलंत ना?"

"आलात. पण माझ्याशिवाय आलात."

"तुमच्याचमुळे आलो," धाकटी म्हणाली. "नऊ वर्षं तुम्ही आमच्यासाठी थंडीत बसलात आणि मी मनात तुमच्यावर रुसून होते. मला वाटायचं, तुम्हाला आमचं ऐकायचंच नाही. आमचा बँड तुमच्यामुळे आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आता सांगते."

भाऊजींनी बराच वेळ स्वेटरची बाही सरळ केली. बाहेरून पोस्टमनचं हसणं ऐकू येत होतं आणि वकील कुणाला तरी काहीतरी पटवून देत होता. म्हणजे सगळं ठीक होतं.

"बरं," भाऊजी शेवटी म्हणाले. "मग आता त्या बटणाचं काम संपलं." आणि त्यांनी विचारलं, "मी रविवारी काय करू?"

ते थट्टा करत नव्हते. एकसष्टीला आलेला, शेकडो क्रेट फुलं रोज इकडची तिकडे करणारा तो माणूस खरोखर विचारत होता, आणि त्याच्या आठवड्यातही रविवार एकच होता हे धाकटीच्या आत्ता लक्षात आलं.

तिने त्यांच्या हातातला स्वेटर घेतला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला.

"रविवारी तीनला या," ती म्हणाली. "मशीनला त्याचं काम करू दे. तुम्ही आमच्या खोलीत या. पुढचा क्रेट तुमचा."

"आणि मध्येच ते सुरू झालं तर? तुमचा वकील पुन्हा शिव्या देईल."

"देऊ दे. त्याच्या शेजारीच बसवते तुम्हाला."